चार दिवस भरलेला खिसा

दुबईतल्या मुहैस्नाच्या कामगार छावणीत मी दर शुक्रवारी पत्रकं वाटायचो. 'पासपोर्ट कंपनीचा नाही, तुमचा आहे!' तिथेच तो भेटला. रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, दगड कापणारा. बोलताना सारखा शर्टाचा डावा खिसा चाचपायचा. मला वाटलं, बिडी शोधतोय.

कंपनीने त्याला नवं मशीन शिकायला चीनमधल्या शिआन शहरात पाठवलं होतं.

"काय बघितलंत, काका?"

"भिंत. शहराभोवतीची, शेकडो वर्षांची, एवढी रुंद की वर सायकल चालवा. आत जुना बाजार, बाहेर कारखानेच कारखाने. एकटा फिरलो. कुणी हटकलं नाही." त्याने खिसा चाचपला. "नऊ वर्षांनी पासपोर्ट इथे होता. चार दिवस."

"मग?"

"मग दुबईला उतरलो. कंपनीचा माणूस हात पसरून उभाच. यल्ला, चल आटप, म्हणाला. दिला."

"दिलात? भांडला का नाहीत?"

"मेल्या, तुझा कुठे असतो?"

"घरी. कपाटात."

"म्हणून तुला ओरडता येतं. मेमध्ये मुलीचं लग्न आहे माझ्या. मशीनसाठी पासपोर्ट एका दिवसात बाहेर निघाला. लग्नासाठी मागितला, तर साहेब म्हणतो, इन्शाल्ला."

माझं डोकं फिरलं. मशीनसाठी हा माणूस चीनला जाऊ शकतो आणि पोरीच्या लग्नाला रत्नागिरीला जाऊ शकत नाही! माझ्या पत्रकात ह्यातली एकही ओळ नव्हती.

त्याने पत्रक घेतलं, पासपोर्टएवढी घडी घातली आणि डाव्या खिशात ठेवलं.

"वाचणार नाही का?"

"वाचीन. आधी खिसा भरू दे."