कारंजाची एसटी आणि दादाचे डोळे

माझ्या थोरल्या भावाचं लग्न मी जवळजवळ मोडलं होतं.

त्याचं असं, मी एका सिनेदिग्दर्शकाचा परमभक्त! त्याच्या सिनेमात प्रेमी बोलत नाहीत, ओल्या काचेतून एकमेकांच्या पाठी पाहतात. निळी भिंत, लाल दिवा, आणि शेवटी कुणीतरी गाडीत बसून कायमचं निघून जातं. (मी दरवेळी रडतो. आई म्हणते, जेवून पाह्यत जाय.)

दादा बत्तीस वर्षांचा. शेती करणारा म्हटलं की मुलीकडचे चहासुद्धा अर्धाच पीत. अशात केनवडच्या स्थळानं कळवलं, "पोराचा छोटासा व्हिडिओ पाठवा." हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देणार होतो का?

संध्याकाळी मालेगावच्या स्टँडवर दादाला उभं केलं. कारंजाची एसटी निघत होती.

"दादा, हासू नको. गाडीकडं पाह्य. तुयं काहीतरी हरवलं हाय."

"काय? मोबाइल?"

"प्रेम रे!"

डोळ्यांत पाणी येईना, म्हणून मी पापण्यांखाली बाम चोळला. मग दादा असा रडला, की दोन प्रवासी चौकशीला आले! व्हिडिओ आईला न दाखवताच पाठवला.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांचा आईला फोन.

"पोरगं चांगलं हाय हो. पण ते कारंजाची पोरगी कोण?"

"कोणती पोरगी?"

"एसटीत बसून गेली ते! पोरगं ढसाढसा रडून राह्यलं ना!"

आईनं दादाकडे पाहिलं, दादानं माझ्याकडे, मी छताकडे. संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकूंना त्या पोरीचं नावही कळलं होतं!

खुलासा करायला आम्ही तिघं केनवडला गेलो. मी म्हणालो, "हा नुसता विरह आहे."

"पण कोणाचा?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"कोणाचाच नाही. तीच तर गंमत आहे!"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आईचा चेहरा उतरला. तेव्हा दादानं खिशातून बामची डबी काढून टेबलावर ठेवली.

"हेच ते कारंजाची पोरगी! यानं माया डोयात चोळली. मले फक्त तोंड धुयाचं होतं."

मुलगी इतकी हसली, की तिच्या वडिलांनी कप पुन्हा उचलला.

लग्न ठरलं. हुंडा नको, मानपान नको. वधूपक्षाची एकच अट होती, माझ्या हातात कॅमेरा द्यायचा नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत आईनं ती मान्य केली.

लग्नात सगळे फोटोसाठी पुढे सरसावले. मी मागे एकटाच, हातात गुलाबजामची प्लेट, सगळ्यांच्या पाठी पाहत उभा. काय फ्रेम होती! टिपायला कुणी नव्हतं.