मागच्या चाकांचा घेर

आमचा ट्रॅक्टर माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. वडिलांनी तो जुनाच घेतला होता, आणि वडील गेल्यावर त्याच्या सीटवर माझा मोठा भाऊ बसला. आमच्यात वाटणी अशी झाली नव्हती, पण शेतातलं मी पाहायचो आणि रस्त्यावरचं दादा. बियाणं कोणतं, पिकाच्या दोन ओळींत, म्हणजे तासांत, अंतर किती, ओळींमधलं तण काढायची डवरणी कधी, हे माझं. माल मेडशीच्या बाजाराला नेणं, खत आणणं, कुणाची लग्नातली भांडी पोचवणं, हे त्याचं. त्या ट्रॅक्टरला वेग दाखवणारा काटा नव्हता. होता तो कधीच बंद पडला होता. दादा म्हणायचा, मले कानानं समजते.

मागचे टायर झिजून गुळगुळीत झाले तेव्हा आमचं पहिल्यांदा खरं भांडण झालं. आधीचे टायर रुंद होते. सोयाबीन-तुरीमध्ये डवरणीला गेलं की दोन्ही बाजूंची झाडं त्यांच्याखाली मोडायची. मला त्याच रिंगवर बसणारे, पण अरुंद टायर हवे होते. दादाचं म्हणणं, अरुंद घेतलं की उंचीही कमी होते, आणि उंची कमी झाली की रस्त्यावर ट्रॅक्टर मागे पडतो. मी त्याला हसलो. इंजिन तेच, गिअर तेच, मग वेग कसा कमी होईल, असं मी विचारलं. तीन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. शेवटी माझंच झालं, कारण पिकाचं नाव काढलं की तो माझं ऐकायचा.

टायर बसवून आलो त्या दिवशी त्यानं जुना टायर ट्रॉलीतून अंगणात उतरवला. त्याच्यावर चुन्याची खूण केली, एक पूर्ण फेरा गडगडत नेला आणि जमिनीवर रेघ मारली. मग ट्रॅक्टर ढकलून नव्या टायरचा फेरा मोजला. जुना झिजलेला होता, तरी त्याची रेघ वीतभर पुढे निघाली. वहिनी दारात उभी राहून दोघा भावांचा हा खेळ पाहत होती.

"पाह्य," दादा म्हणाला, "पावलं तेवढेच टाकून राह्यला तो, पण छोटे टाकून राह्यला. इंजिनाले काय करायचं हाय?"

मला तेव्हा ते समजलं. चाक एका मिनिटात तेवढ्याच वेळा फिरणार, पण प्रत्येक फेऱ्याला वीतभर रस्ता कमी पडणार. आमच्या गावापासून मेडशी नऊ किलोमीटर. टॉप गिअरमध्ये दादा वीस मिनिटांत पोचायचा, आता एकवीस लागायला लागले. काही दिवस तो पोचल्यावर मुद्दाम फोन करायचा आणि फक्त "एकवीस" म्हणून ठेवून द्यायचा. पुढे त्याचा राग गेला. हंगाम संपताना शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभं राहून तो म्हणाला की तुरीले मानवले तुहे टायर. एवढं बोलून तो पुढे गेला. त्याच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक कुणी ऐकलेलं नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात तीन दिवस पावसाची झड लागली होती. चौथ्या दिवशी सकाळी उघडलं आणि दादा फवारणीचं पाणी भरायला विहिरीवर गेला. वहिनी धावत आली ती पायात चप्पल न घालता. मी गेलो तेव्हा तो विहिरीच्या कडेला बसलेला होता, शर्ट घामानं भिजलेला, आणि डावा हात उजव्या हातानं धरलेला. ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन अकोल्याला गेली होती. गावातल्या जीपवाल्यानं मेडशीच्या वाटेवरच्या नाल्यापर्यंत जाऊन पाहिलं. तिथल्या बुटक्या पुलावरून, रपट्यावरून कमरेएवढं पाणी वाहत होतं. त्या पाण्यातून निघेल असं गावात एकच वाहन होतं.

ट्रॉलीत खताची पोती होती. ती उतरवायला वेळ नव्हता. पोत्यांजवळ गादी टाकली, दादाला झोपवलं, वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नाला कसा ओलांडला ते मला आठवत नाही. पलीकडची सडक आठवते. टॉप गिअर, हाताचा एक्सिलेटर पूर्ण खाली, आणि ट्रॅक्टर आपल्या चालीनं चाललेला. त्या वेगापुढे त्याला जाताच येत नव्हतं. एक म्हातारा सायकलवर होता, त्याला मागे टाकायला किती वेळ लागला, तेही आठवतं. मागून वहिनीचा आवाज येत होता, पण इंजिनात शब्द कळत नव्हते.

मेडशीत शिरताना बस थांब्याजवळच्या वळणावर तो आवाज थांबला. दवाखाना तिथून समोर दिसतो.

डॉक्टरांनी ट्रॉलीत चढूनच तपासलं. नंतर मला बाजूला घेऊन समजावलं की हृदयाचा झटका मोठा होता, थोडं आधी आणलं असतं तरी वाचवणं कठीण होतं. चांगला माणूस होता, असंही ते म्हणाले. मी मान हलवली. पण डोक्यात हिशेब सुरू झाला होता आणि तो आजही थांबलेला नाही. नऊ किलोमीटर, दोन हजारांवर फेरे, प्रत्येक फेऱ्याला एक वीत. कुठूनही धरलं तरी उत्तर एकच येतं.

वहिनीनं वर्षभर काही विचारलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा मान वर न करता तिनं विचारलं, "भाऊजी, ते जुने मोठे टायर असते तं किती लवकर पोचलो असतो?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "एक मिनिट. जास्तीचं नाही. डॉक्टर म्हणे, त्यानं काही झालं नसतं."

तिनं हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. मग ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"वाचले नसते," ती म्हणाली. "पण दवाखान्याच्या खाटेवर गेले असते. खताच्या पोत्याजवळ नसते गेले."

मग सुपातल्या तुरी पाखडायला ती उठून गेली. मी तिथंच बसून राहिलो. शेंगा संपल्या होत्या, तरी हात टोपलीत जात होता.

ट्रॅक्टर आता मी चालवतो. मेडशीला आठवड्यातून दोनदा जावं लागतं. वहिनी त्याच्यावर पुन्हा बसली नाही. तिला बाजाराला जायचं असलं की ती नाला पायी ओलांडून फाट्यावर जाते आणि एसटीची वाट पाहते. कधी मी त्याच वेळेला निघालो तर ती रस्त्याच्या कडेनं चालताना दिसते. मी ट्रॅक्टर हळू करतो. ती डोक्यावरचा पदर सावरते, हातानं मला पुढे जायला सांगते आणि चालत राहते.