लाल चौकट आली नाही

आमचे हे घाबरट आहेत. हे मी पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि ते निमूट मान डोलावतात. गॅस बंद आहे का बघायला अर्ध्या जिन्यावरून परत येणार. मी बघितलाय म्हटलं तरी स्वतः बटणाला हात लावून बघणार. ऑफिसात त्यांचं नावच 'सावधान' पडलंय. लग्न ठरवताना मामा म्हणाला होता, मुलगा जपून वागणारा आहे. किती जपून, ते मात्र मामाने पोटात ठेवलं.

एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात संगणक विभाग आहे, तिथे ते काम करतात. पडद्यावर जे दिसतं ते दुसरे लोक बनवतात. त्याच्या मागे जे चालतं ते ह्यांच्याकडे. डॉक्टरांनी औषध लिहिलं की ते सिस्टरच्या पडद्यावर उमटतं, आणि पेशंटला न चालणारं असलं तर डॉक्टरांच्या पडद्यावर लाल चौकट येऊन सगळं अडतं. हा प्रोग्रॅम आधीच्या माणसांनी सुचेल तसा वाढवलेला. इथे काही बदललं की तिथे भलतंच बंद पडायचं. हे जेवताना घास हातात धरून बसून राहायचे, आणि मी ओळखायची, आज पुन्हा काहीतरी बंद पडलंय.

शेवटी त्यांनी तो सगळा पसारा नीट लावायला घेतला. मला ताटातल्या वाट्या सरकवून समजावलं. अगदी आत नियम, त्यांच्याभोवती कामं, आणि सगळ्यांत बाहेर दारं. दारं म्हणजे टेबलावरचा पडदा, मोबाइल, बाहेरून जे काही येईल ते.

"दाराने फक्त निरोप आत द्यायचा," ते म्हणाले. "कुणाला काय चालतं नि काय नाही, हे दाराने ठरवायचं नाही. ते आत ठरलं पाहिजे. मग उद्या कितीही नवी दारं उघडा, नियम सगळ्यांना लागू."

"मग घरातही तसंच करा," मी म्हटलं. "पाहुण्यांना दारातूनच 'या, या' म्हणण्याआधी आत मला विचारत जा."

एकेक नियम उचलून ते आत नेत होते. फक्त एकाला हात लावत नव्हते, लाल चौकटीच्या. तो जुन्या माणसांनी टेबलावरच्या पडद्याच्या दारातच लिहून ठेवला होता. "तो सगळ्यात शेवटी," ते म्हणायचे. "तिथे चूक झाली तर माणूस जाईल." मला तेव्हा त्यात शहाणपणच वाटलं होतं.

अशात सासूबाईंना न्यूमोनिया झाला. त्याच रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. पेनिसिलिनच्या जातीचं औषध त्यांना अजिबात चालत नाही. तरुणपणी एकदा घसा सुजून जिवावर बेतलं होतं. भरती करताना मी ते सांगितलं आणि माझ्यासमोर संगणकात नोंदवून घेतलं. आता काळजी नाही, असं मला वाटलं.

त्याच दिवशी ह्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या जाड्याने विचारलं, "डॉक्टरांचा मोबाइल जोडायचाय. आतलं तयार आहे ना?" ह्यांचं डोकं आईच्या तापात. "तयार आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी जाड्या खुशीत सांगत आला. "सावधानराव, मोबाइल झकास चाललाय. सकाळपासून सगळे डॉक्टर त्यावरच आहेत. एकदासुद्धा लाल चौकट आली नाही!"

ह्यांच्या हातातला कप तिथेच राहिला. लाल चौकट रोज येते. न येणं शक्यच नाही. मोबाइलचं दार नवं होतं, नियम अजून जुन्या दारातच बसलेला, आणि नव्या दारातून जे येईल त्याला विचारणारं कुणीच नव्हतं.

मी वॉर्डात होते. पाटीवर लिहिल्याप्रमाणे फोन बंद करून पर्समध्ये टाकलेला. सिस्टर ट्रे घेऊन आली, सासूबाईंची बाही वर सरकवली, आणि दारात हे दिसले. घामाने निथळत होते, गळ्यातलं ओळखपत्र पाठीवर गेलेलं.

"थांबा! काय आहे त्यात?"

सिस्टरने औषधाचं नाव सांगितलं. मला ते नाव नवीन होतं, पण ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "हे त्याच जातीचं आहे. आईला चालत नाही."

"पण डॉक्टरांना लाल चौकट आली नाही, सर."

"येणार नाही. आज कुणालाच येणार नाही."

ट्रे खाली ठेवला गेला. सासूबाई तापाच्या गुंगीत हसल्या. "धावत आलास रे बाळा?" ह्यांनी त्यांचा हात धरला आणि मटकन स्टुलावर बसले.

"अहो," मी विचारलं, "कुणालाच येणार नाही म्हणजे? खालच्या वॉर्डांत सांगितलंत ना?"

ते स्टुलावरून ताडकन उठले. तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्यांच्या टेबलावर फोन होता. मुख्य सिस्टरना एक फोन, की सगळे वॉर्ड थांबले असते. माझा फोन लागेना म्हणून ते सुटले ते थेट वर. पहिल्या मजल्यावर लहान मुलं, दुसऱ्यावर पुरुषांचा वॉर्ड, सगळ्यांच्या दारांवरून धावत आले होते.

सिस्टरने तिथूनच फोन फिरवला. हे जिन्याकडे धावले, मी त्यांच्या मागे. दुसऱ्या मजल्यावर एका खाटेभोवती पडदा ओढलेला, आत डॉक्टरांची घाई. एका टॅक्सीवाल्याला, त्यालाही ते चालत नाही अशी नोंद असताना, तेच इंजेक्शन नुकतंच दिलं होतं. ओठ सुजलेले, श्वास आत जात नव्हता. बाकावर त्याची बायको त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. तिने ह्यांचं ओळखपत्र पाहून विचारलं, "साहेब, बरे होतील ना हो?" हे तिच्या शेजारी बाकावर बसले ते उठलेच नाहीत. मी इतकी घाबरले होते की मला देवाचं नावसुद्धा आठवेना.

संध्याकाळी त्याने डोळे उघडले. वाचला.

मोबाइल बंद केला गेला. लाल चौकटीचा नियम आत गेला, तपासून तपासून. वरिष्ठांसमोर ह्यांनी काही लपवलं नाही. बोलणी बसली, नोकरी राहिली. गॅसचं बटण आता ते तीनतीनदा बघतात आणि मी चिडवत नाही.

सासूबाई ठणठणीत आहेत. घरी कुणीही आलं की त्यांची एकच गोष्ट. "माझा मुलगा तळघरापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत धावत आला हो, माझ्यासाठी. मधे कुठे थांबला नाही!" पाहुणे कौतुकाने ह्यांच्याकडे बघतात, तोवर हे उठून आत गेलेले असतात.