सगळ्यांचं उत्तर ९.८

"सगळ्यायचं इतकं बरोबर कसं काय आलं रे?"

अकरावीत जमील सरांनी हे विचारलं, तेव्हा आम्हाला ती शाबासकी वाटली होती.

सर काल गेले. मंगरूळपीरला, राहत्या घरी. आज दुपारच्या नमाजनंतर दफन झालं.

ते आम्हाला फिजिक्स शिकवायचे. त्या दिवशी सिंपल पेंड्युलमचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळा टांगायचा, झोके मोजायचे, स्टॉपवॉचने वेळ घ्यायची आणि त्यावरून g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा.

पुस्तकात ९.८.
प्रत्येक बेंचवर ९.८.

सरांनी लॅबमधली दोन्ही स्टॉपवॉच टेबलावर मांडली आणि शेजारी स्वतःचं मनगटी घड्याळ काढून ठेवलं. सगळ्यांना जवळ बोलावून नुसतं बघायला लावलं.

दोन्ही स्टॉपवॉच मागे पडत होती. चांगलीच.

"या घड्याळानं कोनी खरंच मोजलं असतं, तर उत्तर दहाच्या वर गेलं असतं. मंग तुमी मोजलं काय?"

कोणीच मोजलं नव्हतं. सगळ्यांनी उत्तर आधी लिहून रीडिंग मागाहून बसवली होती. सगळीकडे तशीच बसवतात.

सर रागावले नाहीत. पुन्हा करायला लावलं.
"जे आलं थेच लिहा. आन् किती चुकलं असू शकते, थे बाजूले लिहा. चुकनं गुन्हा नाही. लपवू नका."

एकक विसरलं तर मात्र सोडायचे नाहीत. नऊ पॉइंट आठ काय, वांगे का भेंड्या, असं भर वर्गात विचारायचे.

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाकी कॉलेजांत सरसकट तीसपैकी तीस. सरांनी बसवलेल्या रीडिंगचे मार्क कापले.

मग कमिटीची माणसं आली. मी दाखल्यासाठी ऑफिसबाहेर उभी होते, दार उघडंच होतं. सगळ्यांत मोठा आवाज ओळखीचा निघाला.

माझ्या बाबांचा. ते तेव्हा संस्थेच्या कमिटीवर होते.

"सर, मार्क काय तुमच्या घरचे जाऊन राह्यले?"

"नाही भाऊ. पन पोरायनं मोजलंच नाही, त्याचे कशे देऊ?"

त्यानंतर सर बाहेर गेल्यावर आत जे बोललं गेलं, त्यांच्या नावावरून, ते मी इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या जूनपासून बाबांच्या कमिटीने सरांकडे पाचवी-सहावी दिली. रिटायर होईपर्यंत तीच. पेंड्युलम शिकवणारा माणूस 'पाण्याचे उपयोग' शिकवत राहिला आणि म्हणे तेही छान शिकवायचा.

लॅबला आता कुलूप असतं. पोरं नाव इथे लावतात आणि अकोल्याला क्लासला राहतात. परीक्षेपुरती येतात, तीसपैकी तीस घेऊन जातात.

गेल्या महिन्यात मी सरांना भेटायला गेले होते. मुलगा त्यांचं बीपी घेत होता. सर म्हणाले, पुन्हा घे. घेतलं. म्हणाले, अजून एकदा.

मुलगा वैतागून म्हणाला, "अब्बा, डॉक्टरनं नॉर्मल सांगितलं ना."

"नॉर्मल म्हंजे किती ते किती, थे इचारलं काय तू?"

तिघंही हसलो. सरांना हसताना दम लागला.

आज सकाळपासून ग्रुपवर मेसेज येताहेत. 'प्रयोगशील शिक्षक.' 'विज्ञानाला वाहिलेलं जीवन.' सगळ्यांचे शब्द सारखे. एकाने लिहिलेले बाकीच्यांनी पुढे ढकललेले.

बाबांनीही टाकलाय. 'संस्थेचा आधारस्तंभ हरपला.'

आणि अकराच्या सुमारास त्यांचा फोन आला. उद्या शाळेत शोकसभा आहे, अध्यक्ष तेच. तू लिहितेस, तर माह्यं भाषण लिहून दे, म्हणाले.

मी विचारलं, खरं लिहू काय?



"जुनं कायले उकरून राह्यली? मानूस गेला आता. चांगलं चांगलं लेह्य."

बाबा, तुम्ही वाईट नाही. माझ्या फीसाठी तुम्ही काय काय केलं, ते मला माहीत आहे. माझी प्रत्येक पोस्ट तुम्ही चष्मा लावून वाचता, ही पण वाचाल. म्हणून फोनवर जमलं नाही ते इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे.

सर, तुमच्या मातीला माझा सलाम. तुम्ही शिकवलेलं फार थोड्यांना परवडलं.

आणि बाबा, उद्या माईक हातात घेतल्यावर आधी एवढं एकच वाक्य बोला : "यांना लॅबमधून मी काढलं होतं."

तुम्ही नाहीच म्हणणार. तरी मागते आहे. बोला, बाबा.