चीनमधल्या तळ्याकाठी हरवलेली

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी विसरलो. काही तर प्रयत्न करून विसरलो. चीनमधल्या एका तळ्याकाठच्या रिसॉर्टमधून नाहीशी झालेल्या बाईचं प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही.

तेव्हा मी पुण्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. आयटी पार्क उभे राहत होते आणि ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या, ते व्यापारात उतरले होते. त्यातलाच एक जण चिनी टाइल्स विकायचा. माल देणाऱ्या कंपनीने व्यापाऱ्यांना बायकांसह तिकडे नेलं आणि शेवटी आलिशान रिसॉर्टमध्ये ठेवलं. तिथून याची बायको गायब झाली. हॉटेलवाल्यांनी काठावर शोधाशोध केली, तिथल्या पोलिसांना कळवलं आणि हा ठरल्या दिवशी सगळ्यांबरोबर परत आला.

तक्रार त्याने दिलीच नाही. दिली ती तिच्या वडिलांनी. विदर्भातल्या एका गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. "माह्या पोरीले मारून तळ्यात टाकलं साहेब त्यानं," एवढंच ते सांगत होते. मिसिंगची तक्रार दाखल केली. त्यानंतर ते रोज येऊन ठाण्यातल्या बाकावर बसायचे. चहा दिला तर हातात धरून ठेवायचे.

नवऱ्याला बोलावलं. त्याने कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. धुक्यातलं तळं, गरम पाण्याचे हौद, पांढरे झगे घातलेली मंडळी.

"साहेब, फाइव्ह स्टार हाय ते. जेवण, मसाज, समदं कंपनीच्या खर्चानं. असलं सुख सोडून कशाला जाईल ती?"

फोटोत बाकीच्या बायका पाण्यात होत्या. ही एकटीच काठावर, झग्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून बसलेली. मी त्याच्याकडे पाहिलं. "तिला पाण्याची भीती," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत खोटं बोलणारी माणसं मी खूप पाहिली. हा काहीतरी लपवत होता, पण खून लपवणारा वाटत नव्हता. तो घाबरला नव्हता, त्याचा अपमान झाला होता.

दुसऱ्या दिवशी ठाणे अंमलदाराकडे एका बाईचा निनावी फोन आला. "त्याला विचारा, तिचा पासपोर्ट कोणाकडे असायचा." फोन बंद.

मी विचारलं. तो चिडला. "माझ्याकडंच असायचा. बायामाणसांनी कशाला सांभाळायचा? त्या रिसॉर्टच्या काउंटरवर प्रत्येकाचा ज्याच्या-त्याच्या हातात दिला, तेवढाच."

"मग परत घेतलात?"

"घ्यायचा राहिला," तो म्हणाला.

मुंबई विमानतळाच्या इमिग्रेशनकडे चौकशी पाठवली. उत्तर आलं, बाई नवऱ्याच्या आधीच भारतात उतरली होती.

ती हडपसरला एका आयटी कंपनीत होती. महिला हवालदाराला घेऊन साध्या वेशात तिथे गेलो आणि ती डबा कोणाबरोबर खायची ते विचारलं. मैत्रीण समोर आली. फोनवरचा आवाज मी ऐकला नव्हता, पण निनावी फोन तिचाच होता हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तिचं तिकीट मीच काढलं," ती म्हणाली. "पण आधी शब्द द्या, पत्ता तिच्या घरच्यांना देणार नाही."

मी शब्द दिला.

कात्रजला एका खोलीत ती भेटली. हवालदार बाईंनी हातांवरच्या आणि पाठीवरच्या माराच्या खुणा पाहिल्या. मी जबाब घेतला.

"मसाजला सगळ्यांना पाठवलं होतं. तिथल्या मुलीने माझ्या पाठीवरचा झगा बाजूला केला आणि तिचे हात थांबले. तिने पाठीवर गरम टॉवेल ठेवला आणि वेळ संपेपर्यंत नुसती शेजारी बसून राहिली. तिला माझी भाषा येत नव्हती ना, त्यामुळे तिने मला काही समजावलं नाही. इथे भेटेल तो समजावतो. बाहेर आले तेव्हा नवरा अजून आतच होता. पासपोर्ट पर्समध्ये होता. हॉटेलमधूनच मैत्रिणीला मेल केला आणि निघाले."

नवऱ्याविरुद्ध गुन्हा नोंदवायचा का, विचारलं. ती म्हणाली, "नोंदवीन साहेब. आधी काही दिवस झोपू द्या मला." पुढे तिने तो नोंदवला, घटस्फोटही घेतला.

"वडील रोज ठाण्यात येऊन बसतात," मी म्हटलं.

"जिवंत आहे म्हणून सांगा. पत्ता देऊ नका."

ती सज्ञान होती, आपल्या मर्जीने गेली होती. मिसिंगचा तपास तिथे संपला. वडिलांना मी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. मृत्यूची बातमी सांगायची मला सवय होती, ही बातमी कशी सांगायची ते कळत नव्हतं. ते आधी हात जोडून रडले. मग म्हणाले, "चला ना साहेब, भेटवून द्या."

"तिची इच्छा नाही."

ते टेबलाकडे बघत म्हणाले, "दोनदा आली होती घरी. दोन्ही वेळा म्याच तिले परत सोडून आलो." थोड्या वेळाने विचारलं, "जेवते ना नीट?"

"जेवते," मी म्हटलं. ते मला माहीत नव्हतं.

त्यानंतर विवाहित मुलगी हरवल्याची तक्रार आली की ती कुठे गेली असेल, हे मी नंतर विचारायचो. याआधी ती माहेरी कधी आली होती आणि तिला परत कोणी पोचवलं, हे आधी विचारायचो. बहुतेक बाप त्याचं उत्तर खाली मान घालूनच देत.