चंपाकाकूचा जबाब

गिरण्यांचा संप फिसकटल्यावर, त्र्याऐंशी साली, भिवाकाका काम शोधायला म्हणून सुरतेला गेले ते परतलेच नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. चंपाकाकूनं काळाचौकीची खोली काही सोडली नाही. माणूस आला तर इथेच येणार, एवढंच तिचं म्हणणं. मी तिची शेजारीण, वकिलाकडे टायपिंग करणारी. इतकी वर्षं कुणी वाट बघतं का, असं वाटून मला तिचा रागच यायचा.

दोन हजार एकोणीस साली तिच्या फोनवर अनोळखी नंबरावरून मेसेज आला. 'चंपा, मी भिवा.' काकू काही दूधखुळी नव्हती. तिनं तिकीट नंबर विचारला. गिरणीत माणसाची ओळख नावापेक्षा तिकीट नंबराची, आणि तो घरातल्यांनाही पाठ असायचा. उत्तर बरोबर आलं. साचेखातं, म्हणजे मागांचं खातं, दोन हजार एकशे चौदा. काकूचा विश्वास बसला. गिरणी कामगारांना मिळणाऱ्या घराच्या अर्जासाठी हाच नंबर असलेला कागद आपण कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पाच दिवस ती फोन उशाशी घेऊन होती. सहाव्या दिवशी त्यानं तिच्या फोनवर आलेला कोड मागितला. तिनं दिला. तिचं व्हॉट्सॲप त्याच्या हातात गेलं आणि तो तिच्या नावानं चाळीतल्या बायकांकडे पैसे मागू लागला. त्यांतली सुंदराबाई पैसे पाठवून फसली, तेव्हा मी काकूला हाताला धरून पोलीस ठाण्यात नेलं.

"मावशी, फोन वापरून तोतयेगिरी करणं आयटी कायद्यात गुन्हा आहे," फौजदार म्हणाले. "कलम सहासष्ट-ड. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण मेसेज करणारा तुमचा नवरा नव्हता, असा तुमचा जबाब लागेल."

काकूनं फोन पदराखाली घेतला.

"काकू, सांगून टाक ना," मी वैतागले. "उद्या आणखी कुणी फसेल."

"कळतंय गं मला," ती हळूच म्हणाली. "पण चंपा म्हणून हाक मारणारं आता कोण उरलंय? पाच दिवस कुणीतरी मारली."

मला फार वाईट वाटलं.

"लिहा साहेब," काकूनं पदरानं डोळे पुसले. "तो माझा भिवा नव्हता."

फौजदारांनी लिहून घेतलं. मग मान वर न करता त्यांनी नेहमीच्या सवयीनं विचारलं, "नवऱ्याच्या नावापुढे मयत लावू ना?"

"नको," काकू म्हणाली. "तेवढी जागा मोकळी ठेवा."