धोंडप्पाचा हात

लातूर जिल्हा झाला आणि त्याच साली नळांनी मान टाकली. गंजगोलाईमागच्या गल्लीत धोंडप्पाचं भुसाराचं दुकान होतं. बाजारात त्याची एकच ख्याती. हा माणूस खोटं माप घालणार नाही.

म्हणूनच सगळं अडलं होतं.

दोन वर्षांमागं एका सकाळी, लिंगायतांच्या रीतीनं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करताना, आपण इथं एकटेच आहोत असं धोंडप्पाला कळलं. घरात कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. फक्त विश्वास उरला नव्हता. त्यानं गळ्यातलं लिंग काढून देव्हाऱ्यात ठेवलं. बायको गुरम्मानं ते पाहिलं आणि आपली पूजा चालू ठेवली.

आता तीन दिवस ती तापानं पडून होती. आज सकाळी तिनं पाण्याचा पेला परत केला.

“तुमी लिंग गळ्यात घातल्याबिगर पानी घेनार न्हाई.”

“घालतो की.”

“वरवर घातलं तर मला कळंल.”

“मन काय कापडाचा तागा हाय, मागंल तेवढं फाडून द्यायला?”

तिनं भिंतीकडं तोंड केलं. दुपारपर्यंत तिचे ओठ फुटले.

धोंडप्पा कळशी घेऊन कोपऱ्यावर गेला. तिथं त्याचा शाळेपासूनचा दोस्त साहेबराव सरकारी टँकर घेऊन उभा होता. साहेबरावनं छप्पन्न साली घरातले देव नदीत सोडून धम्म घेतला होता. धोंडप्पानं त्याला गुरम्माचा हट्ट सांगितला.

“साहेबा, तू एका दिवसात कसा बदललास रं?”

“एका दिवसात शपथ घेतली. मरीआईपुढून जाताना हात दोन वर्सं आपोआप उठायचा.”

“मग?”

“खिशात घालून चालायचो. लोक म्हनायचे, लई ऐटीत चाललाय. मन हुकूम ऐकत न्हाई, धोंडू. हात ऐकतो. माझं मन मागून आलं.”

“आन् माझं न्हाई आलं तर?”

“तर तसं सांग तिला. तुला खोटं माप कुठं जमतंय?”

धोंडप्पा टँकरवर कळशी भरून घरी आला. हातपाय धुतले. देव्हाऱ्यातलं लिंग घेऊन गुरम्माच्या उशाशी बसला. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याची धार धरली, मग दोरा गळ्यात घातला.

“गुरम्मा, मनात काई न्हाई. उद्या येईल का, ठावं न्हाई. हात मात्र रोज पुढं करीन.”

ती त्याच्या ओल्या तळहाताकडं बघत राहिली.

“एवढं बोलायला दुपार केली व्हय?” ती म्हणाली. “द्या तो पेला.”